शेवटचं प्रकरण

ऱ्हास हा आपल्या लोकांचा अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे. चार मराठी माणसं जमली आणि चहा यायला उशीर झाला, की पहिल्या पाच मिनिटांत नाट्यसंगीताचा ऱ्हास होतो, पुढच्या पाच मिनिटांत मराठी भाषेचा, आणि चहा आला की चहाचा. मी लहान असताना आजोबांनी मला बजावून सांगितलं होतं, की खरं गाणं त्यांच्या लहानपणीच संपलं. त्यांना हेच त्यांच्या आजोबांनी सांगितलं असणार. हिशेब मांडत मागे गेलं तर श्रीकृष्णानं बासरी खाली ठेवली त्याच दिवसापासून आपली उतरण लागली असावी. ऱ्हास हा नेहमी आपण जन्मायच्या थोडा आधी सुरू झालेला असतो. आपण पोचतो तेव्हा पंगत उठलेली असते आणि उष्ट्या पत्रावळी गोळा करायचं काम चालू असतं.

तेव्हा जपानी माणसांच्या घरीही ऱ्हास आहे हे कळल्यावर मला, खरं सांगतो, शेजारधर्माचा आनंद झाला.

त्याचं असं झालं, की फोर्टात फुटपाथवर मला जपानी ठसाचित्रांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. लाकडावर कोरून छापलेली ती चित्रं. होकुसाईची ती प्रचंड लाट आपण कॅलेंडरांवर पाहतो ना, त्या जातीची. पुस्तक आमच्या एका चित्रकार स्नेह्यांना दाखवलं. त्यांनी अनुक्रमणिकेवरून बोट खाली खाली आणलं आणि शेवटच्या ओळीच्या वर थांबवलं.

"इथपर्यंत वाचा. शेवटचं प्रकरण नाही वाचलंत तरी चालेल. ऱ्हासकाळ आहे तो."

एक तर मी वर्तमानपत्रसुद्धा मागच्या पानापासून वाचणारा माणूस. त्यात हे असं सांगितलेलं! घरी आलो आणि शेवटचं प्रकरणच आधी काढलं. पहिली प्रकरणं वाचायची अजून राहिली आहेत.

थोडी पूर्वपीठिका सांगणं भाग आहे. या चित्रांना उकियो-ए म्हणतात. म्हणजे तरंगत्या, घटकाभराच्या जगाची चित्रं. टोकिओचं नाव एदो होतं तेव्हा तिथले दुकानदार, कारागीर ती विकत घ्यायचे. नट, गणिका, पैलवान, प्रवासातली प्रसिद्ध ठिकाणं, असले विषय. चित्रकार पातळ कागदावर रेघ काढून द्यायचा. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून त्यावरच पटाशी चालवायचा. म्हणजे मूळ चित्र त्यातच संपलं! मग दर रंगाला नवी फळी. छापणारा दमट कागद फळीवर ठेवून बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या चकतीनं पाठीवरून घासायचा. यंत्र म्हणून नाही. आणि या तिघांच्या डोक्यावर प्रकाशक, जो पैसे घालायचा, विषय ठरवायचा आणि उशीर झाला की ओरडायचा. एवढ्या खटाटोपातून निघालेल्या चित्राची किंमत जवळपास एका वाडगाभर शेवयांइतकी. म्हणजे आपल्याकडं मिसळपावाच्या भावात होकुसाई! घ्यायचा, फडताळाच्या दाराला चिकटवायचा, काजळी धरली की दुसरा आणायचा.

होकुसाई १८४९ साली गेला, हिरोशिगे १८५८ साली. १८६८ साली शोगुनांची राजवट गेली आणि मेइजी काळ सुरू झाला. पाठोपाठ आगगाडी आली, गॅसचे दिवे आले, फोटो आले, छापील वर्तमानपत्रं आली. परदेशी रासायनिक रंग तर आधीच आले होते. त्यातला तो भडक लाल! आमच्या स्नेह्यांपुढं मी त्या लालचं नुसतं नाव काढलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. मला तो लाल आवडतो. आमच्या लहानपणी जत्रेतल्या चित्रांत तोच असायचा.

पण गंमत अशी, की त्या प्रकरणात जी माणसं भेटतात, ती आपल्या नात्यातली वाटतात. होकुसाई आणि हिरोशिगे ही देवघरातली मंडळी. शेवटच्या प्रकरणातले लोक म्हणजे चुलते, मावसे, आतेभाऊ, भाडं थकवणारे.

आता हा कुनिचिका बघा. जन्म १८३५. उभा जन्म नटांची चित्रं काढण्यात गेला. काबुकी नाटक, दारू आणि बिऱ्हाड बदलणं ही त्याची तीन व्यसनं. थोर होकुसाईनं आयुष्यात ९३ घरं बदलली असं सांगतात. कुनिचिकानं शंभरी ओलांडली. आणि कलेत नसलो तरी घरं बदलण्यात मी त्याच्या पुढं आहे, असं तो मिटक्या मारत सांगायचा. ऱ्हासकाळातल्या माणसानं थोरांशी बरोबरी करावी ती अशी. आमची उभ्या हयातीत पाच घरं झाली, तर आमच्या हिला अजून तिसऱ्या बदलीत फुटलेल्या बरण्या नावानिशी आठवतात. शंभर बिऱ्हाडांच्या बरण्या कोणी आवरल्या असतील, हे काही त्या प्रकरणात नाही.

दुसरा कियोचिका. याचं घराणं शोगुनच्या चाकरीतलं. बाप असाकुसाच्या सरकारी धान्यकोठारावर अधिकारी. मालकच गेला म्हटल्यावर चाकरी गेली. मग गडी चित्रकार झाला. १८७६ पासून पाच वर्षं यानं टोकिओची जी चित्रं काढली, त्यांत रात्र आहे, पाऊस आहे, गॅसचा दिवा आहे, आणि त्या दिव्याखाली पाठमोरी उभी असलेली काळी माणसं आहेत. नवं शहर तर दिसतंय, पण आपलं म्हणावं की नाही अशा विचारात पडलेली. जपानी चित्रात असा अंधार पूर्वी कोणी छापलाच नव्हता.

१८८१ च्या जानेवारीत टोकिओत र्‍योगोकूला मोठी आग लागली. कियोचिका वही घेऊन धावला आणि जळतं शहर काढत राहिला. परत आला तेव्हा त्याचं स्वतःचं घर जळून गेलेलं होतं.

हा मजकूर मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "चित्रं तर मिळाली ना?"

या प्रश्नात कियोचिकापेक्षा माझा संबंध जास्त होता. पण चित्रं मिळाली हे खरं. पुस्तकात आहेत, आणि उत्तम आहेत. मात्र त्या आगीनंतर त्याचं ते रात्रीच्या उजेडाचं काम बहुतेक थांबलं. पुढं तो नियतकालिकांत व्यंगचित्रं काढू लागला.

आणि तिसरा योशितोशी. खरं म्हणजे याच्यासाठीच एवढं लिहितोय. जन्म १८३९. अकराव्या वर्षी कुनियोशी नावाच्या नामांकित चित्रकाराकडं शिकायला लागला. तिशीच्या आत त्यानं खुनांची चित्रं काढली. रक्त ओलं दिसावं म्हणून लाल रंगात सरस मिसळलेली. अंगावर काटा येतो. मी ती पानं पटकन उलटली. मग राजवट बदलली आणि ती चित्रंही खपेनात. १८७२ च्या सुमाराला तो डोक्यानं पार खचला. घरात ओकोतो नावाची बाई होती, लग्नाची नव्हे. तिनं एकेक करून आपले कपडे, जिनसा विकल्या आणि याला जेवू घातलं. थंडीत शेकायला घराच्या जमिनीच्या फळ्या उपसून जाळल्या म्हणतात. फळी कोरून जगणारा माणूस फळी जाळायला बसतो, यापलीकडं धंद्याची हालत काय सांगायची!

१८७३ साली तो सावरला. 'ताइसो' असं नवं नाव घेतलं, म्हणजे पुनर्जन्मासारखंच काहीतरी. ज्या वर्तमानपत्रांनी ठसाचित्रांचं गिऱ्हाईक पळवलं, त्याच वर्तमानपत्रांत चित्रं काढायची नोकरी धरली. पण ओढग्रस्त संपली नव्हती. शेवटी ओकोतोनं त्याच्यासाठी स्वतःला कुंटणखान्यात विकून घेतलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. तिच्यानंतर ओराकू नावाची गणिका त्याच्या घरी आली. तिनंही कपडे विकले, आणि तीही शेवटी तिथंच गेली.

हे मी वाचून दाखवणार नव्हतो. पण स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला होता आणि ही बाहेर येऊन बसली होती.

"तिनं कपडे विकले," ती म्हणाली. "मग दुसरीनं विकले. त्यानं काय विकलं हो?"

मी पान उलटलं.

पुढच्या पानावर चंद्र होता. १८८५ साली योशितोशीनं एक मालिका काढायला घेतली, चंद्राची शंभर चित्रं. सात वर्षं चालली ती. नवं चित्र निघायच्या दिवशी लोक उजाडायच्या आधी दुकानापुढं उभे राहत आणि प्रती संपूनही जात, असं सांगतात. चंद्र म्हणजे काय, प्रत्येक चित्रात तबकडी काढलेली नाही. काही चित्रांत तो दिसतच नाही, नुसता कोणाच्या तरी तोंडावरून ओळखायचा. एका चित्रात आपल्याकडून चीनला गेलेला बोधिधर्म लाल वस्त्र पांघरून बसलाय आणि मागची भिंत पडलेली आहे, पोपडे सुटून आतलं काड्यांचं कूड दिसतंय. दुसऱ्यात ओनो नो कोमाची. तरुणपणी जिच्या रूपाचे आणि कवितांचे डंके वाजले, ती म्हातारी होऊन, फाटक्या कपड्यांत, पडलेल्या स्मशानफळीवर बसली आहे. त्या फळीला जपानीत सोतोबा म्हणतात, आणि तो शब्द आपल्या स्तूपाचाच. तिच्या चेहऱ्यावर गाऱ्हाणं नाही. मी ते चित्र बराच वेळ बघत होतो. शेजारी हीपण बघत होती.

कारागिरी म्हणाल तर डोळ्यांत तेल घालून बघावी. केसाइतकी रेघ लाकडातून उठवलेली. काही ठिकाणी तर फळीला रंगच लावायचा नाही, कोरी दाबायची. म्हणजे कागद तिरपा धरल्यावर कापडाची वीण उजेडात दिसते. हा म्हणे ऱ्हास!

याच सुमाराला पॅरिसमध्ये व्हॅन गॉग नावाचा एक लाल दाढीवाला कफल्लक एका व्यापाऱ्याच्या माळ्यावर बसून जपानी चित्रांचे ढीग उपसत होता. त्यानं सुमारे ६६० चित्रं घेतली, आणि १८८७ साली हिरोशिगेची दोन चित्रं तैलरंगात उतरवली. त्यानं हौसेनं जमवलेल्या चित्रांतही बराचसा माल जाणकार उतरत्या काळातला म्हणून बाजूला टाकत तसलाच होता. त्याला कोणी शेवटचं प्रकरण वाचू नका असं सांगितलं नसावं. हायाशी तादामासा या एकट्या व्यापाऱ्यानं पुढं दीड लाखावर चित्रं पॅरिसला पाठवली. तिकडं मेलेले जपानी चित्रकार डोक्यावर घेत होते आणि इकडं जिवंत योशितोशी महिन्याच्या महिन्याला चंद्र पुरवत होता.

शंभरावं चित्र झालं आणि १८९२ च्या जूनमध्ये तो गेला. वय ५३. त्याआधी डोकं पुन्हा बिघडलं होतं.

पुढचा भाग लवकर आटपतो. १८९४ साली जपानचं चीनशी युद्ध जुंपलं आणि वर्षभरात लढायांची तीनएक हजार चित्रं निघाली. त्यांत कियोचिकाही होता. दुकानांपुढं पुन्हा झुंबड. विझताना वात मोठी होते तशी. दहा वर्षांनी रशियाशी लढाई झाली तोवर लोक फोटो आणि पोस्टकार्डं घेऊ लागले होते. त्याच १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्यांचा शिळाछापाचा कारखाना निघाला आणि आपल्या घराघरांत लक्ष्मी-सरस्वती आल्या. जे तंत्र तिकडं कोरणाऱ्यांच्या पोटावर पाय देत होतं, तेच इकडं आमच्या आजीला देव पुरवत होतं. योशितोशीच्या शिष्याचा शिष्य कियोकाता, आणि त्याचा शिष्य हासुई. त्यानं विसाव्या शतकात पावसाची आणि बर्फाची अशी चित्रं काढली, की ऱ्हास लिहिणाऱ्यांना पुस्तकाला आणखी एक प्रकरण जोडावं लागलं. ते माझ्या आवृत्तीत नाही.

स्नेह्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही उतामारो बघा हो आधी." बघणार आहे.

दरम्यान पुस्तकाचं पान ही अजून मिटू देत नव्हती. चंद्राच्या चित्रांच्या समासात बारीक जपानी मजकूर असतो, त्याचा अर्थ खाली दिलेला होता. मी बोट ठेवून सांगितलं: हा योशितोशीचा शिक्का. ही छापल्याची तारीख. हे कोरणाऱ्याचं नाव.

"कोरणाऱ्याचंसुद्धा घालतात?"

"घालतात. छापणाऱ्याचं मात्र सहसा नसतं."

"आणि तिचं?"

मी चष्मा पुसून समास पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. प्रकाशकाचा पत्ता तेवढा पूर्ण दिलेला होता.