तीनशे तारे आणि एक वजाबाकी

मुलांनो, आज तुम्हाला माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते. आई-बाबांनाही जवळ बोलवा, कारण निम्मी गोष्ट त्यांच्यासाठी आहे.

आमची शाळा रत्नागिरीजवळ, खाडीच्या काठावर. गेल्या वर्षी तिसरीच्या पालकसभेत मी वजाबाकीचं एक फुकट ॲप सुचवलं. रंगीत चित्रं, गोड मराठी आवाज, बरोबर उत्तराला चमचमता तारा! (खरं सांगू? मी ते स्वतः जेमतेम पाच मिनिटं पाहिलं होतं.) महिन्याभराने वर्गातला एक मुलगा उड्या मारतच आला, "बाई, माझे तीनशे तारे झाले!" त्याचे बाबा होडीवर जातात. ते घरी असले की संध्याकाळी अर्धा तास फोन याच्या हातात. मी खूश! लगेच त्याला फळ्यावर गणित घातलं, ५२ वजा २७.

त्याने उत्तर लिहिलं ३५.

कसं बरं आलं असेल? सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वर कोण, खाली कोण, याची पर्वाच नाही. मोठ्यातून लहान वजा केला की झालं. मग हे तीनशे तारे आले कुठून? मी माझा फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "खेळून दाखव बघू." पडद्यावर चार उत्तरं आली. त्याने एक दाबलं, चुकलं, ते पुसलं गेलं. दुसरं दाबलं, तेही गेलं. तिसरंही गेलं. उरलं ते बरोबर, आणि तारा! वजाबाकी न करता तारे मिळवायची युक्ती त्याला छान सापडली होती. पोरगा हुशारच म्हणायचा. चुकलं होतं माझं.

मग आम्ही खराट्याचे हीर घेतले. दहा-दहांच्या पाच जुड्या आणि दोन सुटे. त्यातून सात सुटे काढायला गेला आणि थांबला. दोनच होते ना! बराच वेळ बघत राहिला, मग आपणहून एका जुडीचा दोरा सोडला. "बाई, बारा झाले!" तारा नाही, टाळ्या नाहीत; पण हातचा त्याला त्या क्षणी कळला.

तेव्हापासून कुठलंही ॲप मुलांना सांगण्याआधी मी त्यात मुद्दाम चुकते. तुम्हीही चुकून बघा. चुकल्यावर ते नुसतं 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणतं, की कुठे चुकलं ते दाखवतं? दुसरी खूण म्हणजे, खेळून झालं की फोन बंद करायचा आणि तेच आईला कागदावर करून दाखवायचं.

आता आई-बाबांनो, तुमच्यासाठी. वजाबाकी शिकवायला तुमच्या घराचा ठावठिकाणा आणि फोनमधले सगळे नंबर कशाला हवेत? ॲप अशी परवानगी मागू लागलं तर 'नको' म्हणा. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी, असं सांगितलं आहे. आणि दर दोन गणितांनंतर जाहिरात येत असेल, तर त्या ॲपला गणितापेक्षा जाहिरातीचं जास्त पडलेलं आहे.

चांगलं काही नाहीच, असं नाही हं! सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या छोट्याशा शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तुमच्या बालभारतीच्या पुस्तकातही तसे चौकोनी ठिपके सापडतील. २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी दीक्षा ॲपमधून ते उघडतात. गोष्टींसाठी मला प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर आवडतं. तिथल्या मराठी गोष्टी फुकट उतरवून ठेवता येतात. आमच्याकडे पावसात लाइट गेली की रेंजही जाते, तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

तो मुलगा आता चौथीत आहे. परवा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. "बाई, बाबांच्या फोनवर नवीन ॲप घेतलंय. मी तीनदा मुद्दाम चुकलो, तरी ते शाब्बासच म्हणतंय. काढून टाकू?"

मी म्हटलं, "आधी बाबांना विचार. फोन त्यांचा आहे!"