कुलाब्याच्या टोकाशी

गेल्या मार्गशीर्षात सहकुटुंब मुंबईस जाण्याचा योग आला. धाकट्या बंधूंची कन्या कुलाब्याच्या टोकास, डॉ. होमी भाभांनी १९४५ साली स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, संशोधन करते. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयता तेथे गेलो. आवारातील वृक्षराजी आणि पलीकडे गर्जणारा सिंधू पाहून चित्त प्रसन्न झाले.

प्रयोगशाळेत तिने माशांची एक कुपी कोमट पाण्यात धरली. पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्याच त्या चिमुकल्या माशा. परंतु उष्णता तिसाव्या अंशाच्या आसपास जाताच सर्व निश्चेष्ट पडल्या! कुपी थंड जागी ठेविली, तो थोड्या वेळाने पुन्हा उठून चालू लागल्या. या जातीस ‘शिबिरे’ म्हणतात. जपानी भाषेत याचा अर्थ बधिरता.

कारण मोठे सूक्ष्म आहे. मज्जातंतूच्या टोकाशी संदेशद्रव्याने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. पिशवी पेशीच्या पटलाशी एकरूप होऊन द्रव्य बाहेर सोडते. मग तेच पटल आत ओढून नवी पिशवी घडवावी लागते. तिच्या मानेभोवती डायनामिन नामक विकर, म्हणजे एन्झाइम, वेटोळे घालून ती तोडते. या माशांत ते विकर उष्णतेने निकामी होते. मान तुटत नाही, पिशव्यांचा साठा संपतो आणि माशी कोसळते.

डायनामिनला इंधन लागते ते जीटीपीचे. ते पुरविण्यास न्यूक्लिओसाइड डायफॉस्फेट कायनेज हे दुसरे विकर आवश्यक असल्याचे याच संस्थेतील के. एस. कृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखविले.

हे ऐकून आमचे कुटुंब सहज उद्गारले, “अहो, म्हणजे नाव आचाऱ्याचे, सरपण पुरविणाऱ्यास कोण विचारतो?”

पुतणी हसली. मला मात्र हसू आले नाही. चौतीस वर्षे अध्यापन करून मी निवृत्त झालो, तेव्हा शाल-श्रीफळ स्वीकारून अर्धा तास भाषण केले. गुरुजनांचे स्मरण केले, सहकाऱ्यांचे आभार मानले. पहाटे चारला उठून माझा डबा करणारी, तुटपुंज्या वेतनात आठ माणसांचे घर चालविणारी शेवटच्या रांगेत बसली होती. तिचे नाव माझ्या मुखी आले नाही.

परतीच्या बसमध्ये मी ती चूक तिच्यापाशी कबूल केली. ती क्षणभर समुद्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “बरे झाले, माशा पाहावयास आलो.”