फूल की दोन पाने?

आमच्या विहारातली मंडळी दरवर्षी जानेवारीत सहलीला निघतात. अजिंठा, वेरूळ, कार्ला, भाजे ही लेणी पाहून झाली. यंदा महिला मंडळाने स्पष्ट सांगितले, "लेणी पुष्कळ झाली, आता समुद्र दाखवा." तेव्हा मिनीबस ठरवली, भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असा शिधा घेतला आणि बुद्धवंदना करून संध्याकाळी नाशिकरोड सोडले.

आंबोलीचा घाट उतरताना उजाडले. सावंतवाडी, बांदा मागे पडले आणि गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला गाडी थांबवली. इथे हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी निघालेल्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडला. आम्ही सर्वांनी दोन मिनिटे शांत उभे राहून अभिवादन केले.

गाडीत बसताना आमच्या सातवीतल्या पुतणीने विचारले, "काका, इथं पाट्या मराठीत आहेत, बायका बोलतात तेही बरंच समजतं. मग हे वेगळं राज्य कसं? कोणी ठरवलं?"

"लोकांनीच," आम्ही म्हणालो.

"लोकांनी कसं ठरवायचं? सगळ्यांना विचारलं का?"

खरोखरच विचारले होते. ती हकीकत तिला पणजीपर्यंत सांगितली. ती वाचकांनाही ठाऊक असावी.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, ही त्यांच्या पक्षाची मागणी. त्यांच्यामागे मुख्यत: हिंदू बहुजन समाज होता. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या आणि त्याच्या मर्जीवर जगणाऱ्या मुंडकाराला वाटे, महाराष्ट्रात गेलो तर कूळकायदा मिळेल, शाळा मिळेल, मान मिळेल. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. गोव्याची भाषा, संस्कृती, ओळख वेगळी आहे, ती मोठ्या राज्यात बुडून जाईल, असे त्यांचे म्हणणे. विधानसभेत ठराव करून हा प्रश्न मिटवू नका, थेट जनतेला विचारा, असा आग्रह त्यांनी धरला. संसदेने तसा कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाला खूण होती फुलाची, केंद्रशासित राहण्याला दोन पानांची.

प्रचार कसा झाला असेल, हे निवडणुका पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. फुलाच्या बाजूने आश्वासनांची खैरात झाली. कोकणी ही मराठीची नुसती बोली, असे बेधडक सांगितले गेले. पानांच्या बाजूने भीतीही दाखवली गेली, की महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आहे, तुमच्या नोकऱ्या बाहेरचे घेतील. आपल्या बाजूचा तोटा सांगणारा प्रचारक दोन्हीकडे विरळाच.

पण एक गोष्ट नोंद घेण्यासारखी झाली. सत्तेचा वापर करून कौल फिरवला जाईल, असा संशय विरोधकांनी घेतला, तेव्हा डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि मतदान राष्ट्रपती राजवटीत झाले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे.

आमचे मन फुलाकडे झुकते, हे लपवत नाही. तरी सांगितले पाहिजे, की हरलेल्यांनी निकाल मानला. लगेच मार्च १९६७ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा त्याच जनतेने बांदोडकरांना पुन्हा निवडून दिले. महाराष्ट्र नको म्हणणाऱ्या गोव्याला बांदोडकर हवे होते! जनता अडाणी नसते; प्रश्न नीट विचारला तर ती दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे देते. मात्र ज्यांनी पानांवर शिक्का मारताना घटक राज्याचे स्वप्न पाहिले, त्यांना ३० मे १९८७ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे थांबावे लागले.

संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर बांदोडकरांची समाधी पाहिली. आमच्या बायकांनी आयुष्यात प्रथमच समुद्रात पाय भिजवले. पुतणीच्या डोक्यातून मात्र विषय गेला नव्हता. "पण खोटं सांगून मतं मागितली तर?" तिने विचारले.

तिला स्कॉटलंडचे उदाहरण दिले. १८ सप्टेंबर २०१४ रोजी तिथल्या जनतेला विचारले गेले, की स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होते. सुमारे ५५ टक्के लोक 'नाही' म्हणाले, ४५ टक्के 'होय'. स्वातंत्र्यवाद्यांनी खनिज तेलाच्या उत्पन्नाचे हिशेब पिंपाला ११० डॉलरच्या आसपास भाव धरून मांडले होते. चार महिन्यांत तो भाव ५० च्या खाली आला. दुसऱ्या बाजूने सांगितले, की ब्रिटनमध्ये राहाल तरच युरोपीय संघातले स्थान पक्के. २०१६ मध्ये त्याच ब्रिटनने संघ सोडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते, तरी त्यांनाही बाहेर पडावे लागले. इथे सगळेच ठरवून खोटे बोलले असे नाही. पण भविष्याचा अंदाज त्यांनी खात्री म्हणून विकला. असत्याची ही सभ्य जात आहे आणि तीच जास्त फसवते.

हे सांगता सांगता आमचीच जीभ अडखळली. कारण असला सभ्यपणा आम्हीही केलेला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीच्या जागी इमारती बांधून घरे देण्याची योजना आली. रहिवाशांच्या संमतीची गरज होती. आम्ही कारकून माणूस, म्हणून फॉर्म भरून घेण्याचे काम आमच्याकडे आले. घरोघर जाऊन सांगितले: पक्के घर, नळ, संडास घरात, मुलांना अभ्यासाला जागा. यात एकही शब्द खोटा नव्हता. पण दरमहा देखभालीचा खर्च येईल, लिफ्टचे बिल येईल, हातगाडी ठेवायला जागा नसेल, हे आम्हाला ठाऊक होते. ते बोललो नाही. लोक बिचकतील, चांगले काम अडेल, असा विचार केला. संमती मिळाली.

घरे झाली. भाजीची गाडी लावणाऱ्या एका आजीला चौथा मजला मिळाला. गाडी खाली उघड्यावर राहायची. एका रात्री ती चोरीला गेली. आजी आमच्या दारात आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, तुला माहीत होतं ना? मग तेव्हाच सांगायचं होतंस. मी सही केलीच असती, पण गाडी आधी इकली असती."

याला उत्तर नव्हते. विहारात आम्ही रोज पंचशील म्हणतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे. अर्धे बोलून उरलेले गिळणे हेही त्यातच येते, हे त्या निरक्षर आजीने शिकवले.

आपल्या नाशिक जिल्ह्याला याचा धडा मुळातच मिळालेला आहे. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला. दादासाहेब गायकवाडांसह हजारो कार्यकर्त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी त्याच लोकांसमोर सांगितले, की या वाटेने काही साधले नाही, हा सत्याग्रह आता थांबवा. आपल्याच चळवळीचे अपयश आपल्याच माणसांना तोंडावर सांगायला केवढे धैर्य लागते! धर्मांतराची घोषणाही त्यांनी तिथेच केली, पण लोकांना घाईने ओढले नाही. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे एकेक करून मांडली, शंका-आक्षेपांना उत्तरे दिली आणि निर्णय लोकांच्या विचारावर सोपवला. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, येवल्यानंतर एकवीस वर्षांनी. लाखो लोक नागपूरला आले, ते विचार करून आले.

परतताना पाथर्डी फाट्याजवळ त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर दिसला आणि पोरे जागी झाली. पुतणी म्हणाली, "काका, आता वस्तीत कधी सह्या घ्यायच्या असल्या तर मला न्या. फायदे तुम्ही सांगा, तोटे मी सांगते."

आम्ही कबूल केले. पुढच्या रविवारी विहारात पाणीपट्टीच्या थकबाकीची बैठक आहे. सुरुवात तोट्यापासून करू. जयभीम!