घोड्यावरून रुळांवर

बालमित्रांनो, माथेरानची छोटी गाडी तुम्हांला ठाऊक असेलच. तिच्या दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट! असे अरुंद रूळ मला भारी आवडतात. त्यांच्याविषयी वाचता वाचताच मला विल्यम पामर भेटला.

पामर अमेरिकेतला. जन्म १८३६चा. सतराव्या वर्षीच तो रेल्वेच्या मोजणीपथकात कामाला लागला. घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्ध निषिद्ध मानणारं. पण १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि पामरपुढे पेच पडला. त्याला गुलामगिरीचा मनापासून तिटकारा. शस्त्र उचलावं तर धर्म मोडतो, न उचलावं तर माणसं बेड्यांतच राहतात. तुम्ही काय केलं असतंत?

पामरने स्वयंसेवकांचं घोडदळ उभारलं. पुढच्याच वर्षी तो साध्या वेषात शत्रूच्या हाती सापडला. खोटं नाव सांगून जीव वाचला, पण काही महिने तुरुंगात गेले. सुटताच स्वारी पुन्हा घोड्यावर! १८६५ साली युद्ध संपलं, तेव्हा अठ्ठाविसाव्या वर्षी तो मानद ब्रिगेडियर जनरल होता.

मग त्याने तलवार ठेवली आणि पुन्हा रेल्वेचं काम हाती घेतलं. १८७० साली त्याने कोलोरॅडोच्या डोंगरांसाठी नवी रेल्वे कंपनी काढली. इतरांचे रूळ चार फूट साडेआठ इंच रुंद, याचे फक्त तीन फूट. का बरं? अरुंद गाडी आखूड वळणं सहज घेते. त्यामुळे डोंगर कमी फोडावा लागतो आणि खर्चही वाचतो. १८८२ साली त्याचे रूळ सिल्व्हरटन या खाणींच्या गावी पोचले. त्या मार्गावर आजही वाफेची इंजिनं धावतात.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या डोंगरांत पूर्वीपासून यूट लोक राहत होते. खाणवाले आले, वस्त्या वाढल्या, आणि १८८१ साली अनेक यूटांना सक्तीने आपली भूमी सोडावी लागली. त्या रेट्यात रेल्वेचाही वाटा होता.

१९०६ साली हा घोडेस्वार घोड्यावरूनच पडला आणि पांगळा झाला. जुन्या सैनिकांच्या मेळाव्याला जाणं जमेना. मग १९०७ साली त्याने स्वखर्चाने सगळ्यांना आपल्याच गावी बोलावलं!

मित्रांनो, या माणसाला शाबासकी द्यावी की जाब विचारावा? मला तर दोन्ही करावंसं वाटतं. तुम्हांला काय वाटतं? आईबाबांशी बोलून पाहा.