पेटिट घराणे : मुंबईहून वणीला

मुंबई, सोमवार, रात्र

ती. आबांस,

पेटिट हे आडनाव एका पारशी दलालाच्या ठेंगणेपणावरून पडले. सुरतेकडून मुंबईला आलेल्या घराण्यातले नसरवानजी कावसजी फ्रेंच जहाजांचे काम पाहत. अंगाने लहानखुरे म्हणून फ्रेंच लोक त्यांना आपल्या भाषेत ‘लहान’ म्हणू लागले आणि ते घराण्याला चिकटले. त्यांचे नातू दिनशा माणेकजी, जन्म 30 जून 1823, हे घराण्याचे पहिले बॅरोनेट. त्यांचे लग्न 1837 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, फ्रामजी पांडे यांच्या मुलीशी, साकरबाईंशी झाले. परळचे जनावरांचे साकरबाई हॉस्पिटल त्याच नावाचे. घराण्यातले निदान हे लग्न तरी विनातक्रार पार पडले.

पैसा कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडचा मालही त्यात होताच. (यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत कागदोपत्री वणी जिल्हाच होता, इथे कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही.) युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत भलेभले शेटजी बुडाले. दिनशा तरले. ताडदेवच्या माणेकजी पेटिट मिलसारख्या गिरण्यांतून त्यांचा पसारा वाढत गेला. विक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आजची व्हीजेटीआय, सुरू झाली ती त्यांनी दिलेल्या भायखळ्याच्या वास्तूत.

गाडी चार तास उशिरा पोचली. परभणीनंतर डब्यात असा गारठा की आईने बळेबळे दिलेली शाल नसती तर कठीण होते. दादरला चहा 20 रुपये, कप अंगठ्याएवढा. उरलेले उद्या.

बुधवार, दुपार

बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेने चालणारा ‘सर’. साधा ‘सर’ माणसाबरोबर संपतो, हा मुलाकडे जातो. तरी तो उमराव नव्हे. लॉर्डांच्या सभेत त्याला जागा नाही. हिंदुस्थानात हा मान पहिल्यांदा 1857 साली जमशेटजी जीजीभाईंना मिळाला, दिनशा पेटिटांना 1890 साली. किताब चालवायचा तर ऐपतही चालली पाहिजे, म्हणून ठरावीक मिळकत विकता-वाटता येणार नाही अशी बांधून ठेवायची. त्यासाठी 1893 साली खास कायदा झाला. गादीवर येणाऱ्याने मूळ पुरुषाचेच नाव लावायचे, हीही अट. लग्नात मुलीचे माहेरचे नाव बदलतात तसे इथे पुरुषाचे, तेही बापाआजाच्या मरणानंतर. त्यामुळे ओळीने तीन ‘सर दिनशा माणेकजी पेटिट’ आणि वाचणाऱ्याची त्रेधा.

किताब थोरल्याकडे जायचा नव्हता. सनदेत दुसऱ्या मुलाचे, फ्रामजींचे, नाव होते. फ्रामजी 1895 साली वडिलांआधी गेले. दिनशा 1901 साली वारले आणि फ्रामजींचे चिरंजीव जीजीभाई हे ‘सर दिनशा’ झाले, दुसरे बॅरोनेट. आबांनी चोपड्यात टिपून ठेवलेल्या 1927 च्या इन्कमटॅक्स निकालातले सर दिनशा ते हेच, आजोबा नव्हेत.

या मजकुरासाठी एका कचेरीत सकाळपासून बसणे झाले. खिडकीवरच्या गृहस्थाने आधी ओळखपत्राची झेरॉक्स मागितली, मग त्या झेरॉक्सवर सही, मग सही निळ्या शाईत का नाही म्हणून दुसरी झेरॉक्स. पावणेएकला डबा उघडला तो अडीचपर्यंत. बटाट्याची भाजी होती, वास बाकापर्यंत येत होता. विचारले तर ‘बाहेर थांबा’ एवढेच. बाहेर एक इराणी हॉटेल. बनमस्का आणि चहा मिळून 80 रुपये. लोणी मात्र हात न आखडता लावलेले. पोहे मिळतात, पण त्यावर तर्री नाही आणि मागितली तर बघत राहतात.

गेटवे आणि म्युझियम बसमधून दिसले.

शुक्रवार, रात्र

दुसऱ्या दिनशांच्या काळात घराणे कोर्टात फार दिसते. सन 1906 चा दावा दोन बॅरोनेटांच्या नावाने ओळखला जातो : वादी पेटिट, प्रतिवादी जमशेटजींच्या घराण्यातले जीजीभाई. मूळ एका लग्नात होते. रतनजी दादाभाई टाटांनी पॅरिसच्या सुझान ब्रिएर यांच्याशी 1902 साली लग्न केले. सुझानबाईंनी पारशी धर्म घेतला, सूनी नाव घेतले. धर्मात आलेल्या परक्या बाईला पारशी पंचायतीच्या अग्यारी-दखम्यांवर हक्क आहे की नाही, हा वाद. पेटिट हक्क आहे म्हणणाऱ्यांच्या बाजूला. न्या. दावर आणि न्या. बीमन यांनी 1908 साली निकाल दिला : धर्मांतराला शास्त्राची आडकाठी नसली तरी पंचायतीची मिळकत जन्माने पारशी असणाऱ्यांसाठी आहे. पारशी बापाची, रीतीने धर्मात घेतलेली मुले मात्र पारशी धरली. म्हणजे आई बाहेर, मुले आत.

परक्या सुनेसाठी कोर्टात उभे राहिलेले हे गृहस्थ स्वतःच्या मुलीच्या वेळी निराळे वागले. रतनबाई, घरातल्या रुट्टी, जन्म 20 फेब्रुवारी 1900. वडिलांचे स्नेही बॅरिस्टर जीना 1916 च्या उन्हाळ्यात पेटिटांबरोबर दार्जिलिंगला होते. तिथे त्यांनी मागणी घातली तेव्हा मुलगी सोळाची, जीना चाळिशीला टेकलेले. सर दिनशांनी कोर्टाचा मनाईहुकूम आणला. मुलीने वयाची अठरा वर्षे पुरी होऊ दिली, 18 एप्रिल 1918 रोजी इस्लाम स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी मलबार हिलवर जीनांच्या बंगल्यात निकाह झाला. माहेर तुटले. अज्ञान मुलीपुरता हुकूम समजण्यासारखा आहे. सज्ञान झाल्यावरही दार बंद ठेवणे हा मात्र निव्वळ ताठा. रुट्टी 20 फेब्रुवारी 1929 रोजी, एकोणतिसाव्या वाढदिवशी, मुंबईत वारल्या. माझगावच्या आरामबागेत, खोजांच्या कबरस्तानात, त्यांची कबर आहे. त्यांच्या मुलीने, दीनाने, 1938 साली नेव्हिल वाडियांशी लग्न ठरवले तेव्हा जात-धर्माची हरकत घेणारे बाप जीना होते.

आता आबांच्या चोपड्यातला 1927 चा निकाल. दुसऱ्या सर दिनशांना लाभांश आणि व्याजाचे उत्पन्न मोठे. इन्कमटॅक्स टाळायला त्यांनी चार खासगी कंपन्या काढल्या आणि शेअर-रोखे त्यांच्या नावे केले. उत्पन्न कंपनीच्या खात्यात जमा होई आणि तेच पैसे ‘कर्ज’ म्हणून सर दिनशांना परत मिळत. मुंबई हायकोर्टाने म्हटले की कंपनी आणि दिनशा एकच, कर भरावा. कंपनीचा पडदा दूर सारून मालक पाहण्याचे हे उदाहरण लॉच्या मुलांना अजून पाठ करावे लागते.

दुसरे सर दिनशा 1933 साली वारले. मुलगा फली नाव बदलून तिसरे सर दिनशा झाला. त्याची बायको सिल्ला ही जेआरडी टाटांची बहीण, म्हणजे त्याच सुझानबाईंची मुलगी. सासऱ्यांचा दावा बुडाला होता, पण त्याच निकालाने सून पारशी ठरलेली.

खानावळीत रोज तूरडाळ गोड करतात. भाकर विचारली तर तांदळाची. परतीचे रिझर्वेशन मंगळवारचे, वेटिंगवर. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर आपल्या कापसाची गाडी लागली का ते कळवावे; घाई असली तरी व्यापाऱ्याला देऊ नये, दोन दिवस थांबावे. आईला सांगावे, शाल शाबूत आहे.

आपला,
बाळ