भाव कळला, पण थांबता येते काय?

आपल्या नाशिक जिल्ह्यात कांदा पिकवणाऱ्या घराला राजकारण, व्यापार आणि यंत्र या तिन्ही गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. त्या कांद्याच्या गोणीबरोबर घरात येतात. दिल्लीत निवडणूक लागली की निफाड, चांदवड, येवला, सटाणा, कळवणच्या चाळीत काळजी सुरू होते. असे भाग्य, किंवा दुर्भाग्य म्हणा, बाजरीला नाही आणि हरभऱ्यालाही फारसे नाही.

मी कृषी खात्यात नोकरीला लागलो त्याला आता तीस वर्षे होत आली. राहुरीहून बीएस्सी अ‍ॅग्री होऊन आलो तेव्हा गावात भाव कळण्याची साधने मोजकी होती. रेडिओवर बाजारभाव लागत, दुसऱ्या दिवशी एसटीने वर्तमानपत्र येई, आणि सर्वांत भरवशाचा म्हणजे आदल्या दिवशी लासलगावला माल विकून आलेला शेजारी. पारावर त्याच्याभोवती माणसे जमत. त्याची हिशोबपट्टी हातोहात फिरे. हमाली, तोलाई, वाराई वजा जाता हातात काय पडले हे सगळ्या गावाला ठाऊक होई. सभांमधून त्या काळात एक वाक्य हमखास ऐकायला मिळे. शेतकऱ्याला भाव कळत नाही म्हणून तो नाडला जातो. ज्या दिवशी त्याला बसल्या जागी भाव कळेल, त्या दिवशी त्याचे भाग्य उजळेल.

तो दिवस येऊन गेला, बंधूंनो. आज लासलगावला सकाळी पहिल्या ट्रॉलीचा लिलाव झाला की दहा मिनिटांत तो आकडा साऱ्या तालुक्याच्या मोबाईलवर असतो. पिंपळगाव बसवंतचा, विंचूरचा, सोलापूरचाही भाव असतो. एप्रिल २०१६ मध्ये केंद्राने ई-नाम हा बाजार सुरू केला, त्याच वर्षी इंटरनेट स्वस्त झाले, आणि दोन-चार वर्षांत गुराख्याच्या हातातसुद्धा भाव आला.

पण झाले काय, ते पाहा. भाव दोनशेने चढला, ही बातमी एकाला कळली असती तर त्याचा फायदा होता. ती एकाच वेळी दहा हजार जणांना कळते. दुसऱ्या दिवशी बाजार समितीच्या दारापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागते आणि दुपारच्या सत्रात चढलेले दोनशे उतरलेले असतात. भाव पडला तर याच्या उलट व्हायला हवे, म्हणजे आवक थांबायला हवी. तीही थांबत नाही. घाबरून लोक आणखी माल काढतात. चांदवडकडचा एक शेतकरी मला म्हणाला, "साहेब, पहिलं बरं होतं. भाव पडल्याचं मार्केटात गेल्यावर कळायचं. आता रात्रीच कळतं, झोपही जाते." तो हसत बोलला, पण बोलला ते खरे होते.

भाव कळणे आणि भाव पदरात पडणे यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट आहे. ती म्हणजे थांबण्याची ताकद. व्यापाऱ्याकडे ती असते, कारण त्याच्याकडे भांडवल आणि खळे असते. शेतकऱ्याकडे ती किती आहे, हा माझ्या मते आजच्या शेतीतला खरा प्रश्न आहे. मोबाईलमध्ये भाव दिसतो, ही ताकद त्यात येत नाही.

उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात काढणीला येतो. नेमक्या त्याच काळात घरातल्या तारखा येऊन ठेपतात. सोसायटीचे खरिपाचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले तर व्याजाची सवलत मिळते. कृषी सेवा केंद्राची औषधांची उधारी तोवर तुंबलेली असते. लावणीच्या आणि काढणीच्या बायांची मजुरी रोख द्यावी लागते. वैशाखात लग्नसराई, जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी आणि पुन्हा बियाणे-खत. या तारखा ज्याला गाठायच्या आहेत, त्याला सप्टेंबरमध्ये भाव वाढेल हे सांगून काय उपयोग? तो ऐकतो, मान डोलावतो आणि ट्रॉली भरतो. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवून शेतमाल तारण योजनेत कर्ज उचलता येते. सडणाऱ्या मालावर तसे कर्ज देणे अवघड, आणि कांदा तर जिवंत वस्तू. तो श्वास घेतो, वजनाने घटतो, कोंब काढतो.

म्हणून मी बैठकीत भावाबद्दल कमी आणि चाळीबद्दल जास्त बोलतो. काही लोक कंटाळतात. पण चाळीत तीस-चाळीस टक्के माल घटलेला मी अनेक घरी पाहिला आहे, आणि त्याच गावात पंधरा टक्क्यांवर घट रोखून धरणारेही पाहिले आहेत. चाळ दोघांची सारखीच, अनुदानाची. फरक चाळीत माल जाण्याच्या आधी पडतो. लागवडीला दोन महिने उलटल्यावर जो युरिया टाकतो, त्याचा कांदा मोठा दिसतो खरा, पण मान जाड राहते आणि तिथूनच सड शिरते. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडले पाहिजे. निम्म्या माना पडल्या की उपटायचा. शेतात तीन-चार दिवस असा सुकवायचा, की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल. मग दीड इंच मान ठेवून पात कापायची आणि सावलीत दहा-बारा दिवस पोळ घालून ठेवायचा. चाळीत जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, खालून वारा खेळता, थर पाच फुटांच्या वर नाही. यात नवे काही नाही. पण भाव चढलेला दिसला की माणूस घाईने ओला कांदा भरतो, आणि पावसाळ्यात चाळीतून पाणी गळू लागते.

येवल्याच्या बाजूला एक आजी आहेत. मुलगा नाशिकला कंपनीत आहे, शेती आणि चाळ त्याच पाहतात. रोज सकाळी चहाच्या आधी त्या चाळीच्या दोन्ही अंगांनी फिरतात आणि वास घेतात. जिथे वास आला तिथली फळी काढायची, हात घालायचा, चार-पाच कांदे बाहेर. "एक सडका राहिला तर शेजारचे दहा नेतो, पोरांच्या संगतीसारखंच आहे," असे त्या म्हणतात. आता चाळीत बसवून सडण्याचा वास ओळखणारी आणि मोबाईलवर इशारा देणारी उपकरणेही आपल्या जिल्ह्यात निघाली आहेत. चांगली गोष्ट आहे, मोठ्या चाळीला ती लागतीलच. मी आजींना त्याबद्दल सांगितले. त्यांनी विचारले, "वास आल्यावर कांदा काढायला ते येतं का?" यावर मी काही बोललो नाही.

यंत्राचे एक मोठे उदाहरण लासलगावातच उभे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये तेथे 'कृषक' नावाचे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्टच्या किरणांचा थोडासा मारा केला की कांद्याला कोंब येत नाहीत. शास्त्र पक्के आहे, त्यात शंका नाही. पण विकिरणाने सड थांबत नाही, वजनही घटायचे ते घटते. शिवाय कांद्यासारख्या ढिगाने येणाऱ्या आणि स्वस्त विकणाऱ्या मालाला प्रत्येक क्विंटलमागे वाहतूक, हमाली आणि विकिरणाचा खर्च पेलत नाही. मग २००७ साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडले, तेव्हा विकिरणाची अट होती, आणि कोकणचा हापूस त्यासाठी लासलगावला आला. कांद्यासाठी बांधलेल्या केंद्राचे नाव आंब्याने झाले. यात कोणाला हसण्याचे कारण नाही. ज्या मालाला खर्च सोसतो तिकडे यंत्र जाते, एवढेच.

आता राजकारणाकडे वळतो. सरकारी नोकराने धोरणावर टीका करू नये असा दंडक आहे आणि तो मी पाळतो. मी फक्त तारखा सांगतो. २९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यातबंदी झाली, ती १५ मार्च २०२० ला उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, ती १ जानेवारी २०२१ पर्यंत. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, आणि दोन दिवसांत जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा बंदी. ती ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती, मार्चमध्ये पुढे वाढली आणि ४ मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानाच्या धामधुमीत उठली, पण ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्य ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्मे झाले, आणि १ एप्रिल २०२५ ला ते पूर्ण गेले.

यांतली डिसेंबर २०२३ ची तारीख मला जास्त टोचते. उन्हाळ कांद्याला निदान चाळ आहे, चार-पाच महिने दम धरता येतो. डिसेंबरात बाजारात असतो तो लाल कांदा. त्याला चाळ नाही. काढला की पंधरा-वीस दिवसांत विकायचाच. म्हणजे ज्या शेतकऱ्याला थांबण्याची सोयच नव्हती, त्याच्यावर ती बंदी पडली. महिनाभरात भाव निम्म्यावर आला. आधी पाऊस कमी, विहिरींना पाणी कमी, त्यातून वाचवून आणलेले पीक होते ते. त्या आठवड्यात मी गावोगाव रब्बीच्या बैठका घेत होतो. हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल मी बोलत होतो आणि समोरची माणसे मोबाईलकडे पाहत होती. मी त्यांना दोष देणार नाही.

शहरातल्या गृहिणीचीही बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. कांदा महागला की तिच्या घरातली भाजी बदलते, आणि तिच्या मताला किंमत आहे. १९८० ची लोकसभा आणि १९९८ ची दिल्ली विधानसभा या दोन्ही निवडणुकांत महाग कांदा प्रचारात गाजला आणि सत्तेत असलेले हरले. तेव्हापासून महाग कांद्याची भीती प्रत्येक सरकारच्या अंगात मुरली आहे, मग ते कोणत्याही पक्षाचे असो. स्वस्त कांद्याची भीती मात्र तेवढी कोणाला वाटताना दिसत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले. त्याने ते मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले. देशभर बातमी झाली, पुढे विसरलीही गेली.

आपल्या वडिलांच्या पिढीने दुसरी वाट करून पाहिली होती. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस आणि कांद्याच्या भावासाठी या जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. मुंबई-आग्रा रस्ता बंद आहे एवढेच कळे, आणि घरात मोठी माणसे हळू आवाजात बोलत. खेरवाडीला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या आंदोलनात कोणाच्याही हातात मोबाईल नव्हता, तरी निरोप पोचत होते आणि माणसे येत होती. आज माझ्या मोबाईलमध्ये शेतकऱ्यांचे चाळीस गट आहेत. त्यांवर सकाळी शुभेच्छांची चित्रे येतात, दुपारी बाजारभाव, आणि रात्री एकमेकांच्या पुढाऱ्यांना शिव्या. एकत्र मिळून वीस ट्रॉल्या आठ दिवस थांबवू, असे त्यांवर कोणी लिहिलेले मी अजून वाचले नाही.

द्राक्षवाल्यांकडे पाहिले की हे जास्त जाणवते. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षे औषधाच्या अंशामुळे अडकली आणि बागाईतदारांना मोठा फटका बसला. त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यात मोहाडीच्या शेतकऱ्यांनी 'सह्याद्री' ही स्वतःची कंपनी उभी केली, शीतगृह, पॅकहाऊस, तपासणी सगळे एकत्र. द्राक्षाला पैसा आहे, कांद्याला नाही, असे म्हणून हे उदाहरण उडवून लावता येईल. पण दहा घरांची मिळून एक चाळ, एक वजनकाटा आणि एक प्रतवारी करायला मोहाडीएवढे भांडवल लागत नाही. तेवढे जमले तर निदान तीन घरांची मार्चअखेरची निकड बाकीच्या सात घरांना उसनवारीने भागवता येईल. अशी एक चाळ चांदवडच्या बाजूला बचत गटाच्या बायकांनी चालवलेली मी पाहिली. हिशेबाची वही शाळेच्या, फूटपट्टीने रेघा मारलेल्या. कोणाचा कांदा किती, कधी भरला, घट किती, सगळे त्यात.

आता चाळीच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. आमच्या कामातही मोबाईल शिरला आहे. चाळीआधीची मोकळी जागा आणि नंतरची चाळ, दोन्हींचे जागेच्या खुणेसह फोटो काढून चढवायचे. पूर्वी मी डायरीत लिहीत असे, "शेतकऱ्यास समक्ष भेटून समजावून सांगितले." फोटोत ते समजावणे येत नाही, म्हणून भेट थोडी लांबवतो.

गेल्या महिन्यात अशाच एका भेटीत, नवीन चाळीचे मोजमाप चालू असताना, त्या घरच्या सूनबाईंनी मला विचारले, "साहेब, चाळ बांधतो आम्ही, थांबतोही. पण बंदी कधी येणार नाही ते लावणीच्या आधी कोणी सांगेल का?" टेपचे दुसरे टोक त्यांनीच धरले होते. मी लांबीचा आकडा लिहून घेतला आणि त्यांचा प्रश्न त्याच पानावर खाली लिहिला. पाक्षिक बैठकीत तो मी वाचून दाखवला. इतिवृत्तात नोंद झाली आहे.