झोंपेची मजुरी

झोंप विकत मिळत नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु घाम गाळला असतां ती हमखास मिळते, असा आमचा कित्येक वर्षें समज होता. पन्नाशी उलटली, रात्रीं दोन वाजतां डोळे उघडूं लागले, आणि हा समज पडताळून पाहण्याची वेळ आली. जन्मभर खुर्चींत बसून लेखणी चालविणाऱ्या देहाला थकावयास कारणच काय, असा विचार करून आम्हीं पुण्याची पर्वती चढावयाचें ठरविलें.

पहिल्याच संध्याकाळीं त्या १०० हून अधिक पायऱ्या मोठ्या हौसेनें चढलों, उतरलों आणि पुन्हां चढलों. ‘आज निद्रादेवी आपण होऊन दारांत उभी राहील,’ असें घरांत बजावून नऊ वाजतांच अंथरुणावर पडलों. देवी आली नाहीं. पोटऱ्या मात्र रात्रभर आपलें गाऱ्हाणें सांगत राहिल्या. दुसऱ्या दिवशीं जागरणामुळें चढणें राहिलें, आणि चढणें राहिलें म्हणून झोंप येणार नाहीं, ही नवी चिंता लागली.

पुढें वाचनांत आलें कीं, ही फजिती आमची एकट्याची नव्हे. अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनीं निद्रानाशानें गांजलेल्या, वयाची ५५ वर्षें गांठलेल्या मूठभर माणसांकडून १६ आठवडे नियमित व्यायाम करविला. त्यांची झोंप सुधारल्याचें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. मात्र त्यांतील स्त्रियांच्या रोजच्या नोंदी पुन्हां तपासल्या, तेव्हां २०१३ सालीं असें दिसलें कीं, आज व्यायाम आणि आजच झोंप, असा रोखीचा व्यवहार तेथें नव्हता. उलट रात्र वाईट गेली तर दुसऱ्या दिवशींचा व्यायामच तोकडा पडे. निद्रादेवी मजुरी देते, पण ती महिन्यामहिन्यांनीं!

शास्त्रज्ञ याची कांहीं कारणें सांगतात. जागेपणीं मेंदूंत ॲडेनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जाऊन झोंपेचा भार वाढवितें. श्रमानें तापलेलें शरीर मागाहून निवूं लागलें म्हणजे तें निद्रेस अनुकूल होतें. चहांतील कॅफीन ॲडेनोसिनची वाट अडवितें, हें कळल्यावर संध्याकाळचा दुसरा पेला सोडतांना आम्हांस पर्वतीहून मोठी चढण लागली. वाग्भटाचार्यांनीं तर बलवानानेंही थंडींत व वसंतांत अर्ध्याच शक्तीनें व्यायाम करावा, एरवीं त्याहून कमी, असें अष्टांगहृदयांत सांगून ठेविलें आहे. तो उपदेश मानून आम्ही सकाळीं, दम न लागेल अशा बेतानें, एकदांच चढूं लागलों. तिसऱ्या महिन्यांत केव्हां तरी ध्यानांत आलें कीं, दोनचे टोले बरेच दिवसांत ऐकले नाहींत.

या विजयाच्या भरांत, भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंस आम्ही एके रात्रीं म्हणालों, “मावशी, तुमचें बरें आहे. दिवसभर राबल्यावर झोंप कशी गाढ लागत असेल!”

हात न थांबवितां त्या म्हणाल्या, “कशाची झोप, काका? अंग टाकलं की गुडघे ठणकतात, आणि जरा डोळा लागला की चारला नळाला पाणी येतं.”

आमच्या तोंडून शब्द निघाला नाहीं. वाग्भटाचार्यांची ती अर्धी शक्ति आम्हांस तेव्हां खरी समजली. दमल्यावर जेथें थांबतां येतें, तो व्यायाम. जेथें थांबतां येत नाहीं, ते कष्ट. घाम दोहोंचा सारखाच, पण एकाच्या मागें विसांवा उभा असतो आणि दुसऱ्याच्या मागें पुढचें घर. पांच घरांचे जिने रोज चढणाऱ्या त्या बाईंस आम्हीं, पर्वती एकदां चढणाऱ्यानें, त्यांच्या झोंपेबद्दल भाग्यवान ठरविलें होतें!

त्या दिवसापासून रात्रींचीं भांडीं आम्हीच घासतों. मावशी त्याच पगारांत संध्याकाळींच घरीं जातात. पत्नी म्हणते, यांतही तुमचाच व्यायाम होतो. तें खरें आहे, आणि आमची झोंप बहुधा पुरी होते, हेंही खरें. मावशींस आतां बरी झोंप लागते काय, हें मात्र विचारण्याचा धीर आम्हांस अद्यापि झालेला नाहीं.